पान उलटल्याचा आवाज

बाय, काल संध्याकाळी तू पडवीत बसून टेप लावलीस आणि मोबाईल स्पीकरसमोर उताणा ठेवून रेकॉर्डिंग केलंस. रात्री ते मला ऐकवलंस तेव्हा मी काही बोललो नाही, कारण तुझा जीव त्यात होता. आज बोलतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये आमच्या कौलांवरचा पाऊस आहे, पंख्याची घरघर आहे, शेजारचा कुत्रा आहे, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी चित्रकथी म्हणणारा तो म्हातारा आहे. टेपमधून निघालेला आवाज हवेतून मोबाईलपर्यंत जाईस्तोवर त्याला वाटेत भेटेल तो प्रत्येक आवाज चिकटतो. तो वायरीतून थेट कॉम्प्युटरात न्यायचा. पस्तीस वर्षं मी जत्रांत माईक आणि भोंगे लावले, दशावताराच्या मांडवात रात्र रात्र डेकजवळ बसलो. ते हात आता थरथरतात. जे हातात होतं ते तुझ्या कानात घालतो.

कसली घाई आहे तेही सांगतो. कुडाळजवळच्या आपल्या पिंगुळीत ठाकर मंडळींच्या घरांत चित्रकथीच्या, म्हणजे एकेक चित्र दाखवत म्हणायच्या आख्यानांच्या, पोथ्या आहेत. एका पोथीत एक आख्यान, आणि दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवून केलेलं एकेक पान. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला. मणी कौल यांनी १९७७ साली चित्रकथीवर माहितीपट केला. चित्रकथीकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि इथल्या गुढीपूरला त्यांचं कला आंगण हे संग्रहालय बघायला लांबून माणसं येतात. चित्रांची काळजी घेणारे आता आहेत. पण चित्र हे अर्धं आख्यान. उरलेलं अर्धं म्हणणाऱ्याच्या गळ्यात असतं, आणि ते कुठल्या पोथीत लिहून ठेवलेलं नसतं. दशावताराचंही तेच. रंगमंचावरचं भाषण नट तिथल्या तिथे रचतो, संहिता हातात नसते. त्यामुळे ज्या रात्री कुणी टेप लावून ठेवली, त्या रात्रीचं तेवढंच उरलं. टेप गेली की ते आख्यान त्या तोंडून पुन्हा निघणार नाही. म्हणून मी तुला पहिल्यापासून सांगतो, आधी आयक, मगे वायर जोड.

ऐकायचं कशासाठी? टेपची अवस्था कळायला. पण ऐकण्याआधीही ती वाजवण्याजोगी आहे की नाही ते बघायचं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कॅसेट कपाटात असली तरी तिला बुरशी येते. कॅसेट उजेडाकडे धरून तिच्या काचेतून बघ. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट टेपरेकॉर्डरात घालू नकोस. ती बुरशी आत फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटना वाटली जाते. अशी कॅसेट बाजूला ठेव, तिचं काम वेगळं. म्हणूनच टेपांचं हे सगळं काम मी दिवाळीनंतर धरतो आणि शिमग्याआधी संपवतो. हवा कोरडी असते. पावसात करायचीच वेळ आली तर कॅसेट तांदळाच्या डब्यात ठेवू नकोस, पिठूळ धूळ आत जाते. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेव.

मग षट्कोनी पेन्सिल चाकात घालून फीत किती सैल आहे ते बघ आणि ताणून घे. त्यानंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळव आणि परत मागे आण. वीस-तीस वर्षं एका जागी पडलेल्या फितीचे थर एकमेकांना धरून बसलेले असतात. ते सुटले नाहीत तर चाल मध्येच अडखळते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते. नव्वदची त्याहून पातळ, आणि एकशेवीसची तर कांद्याच्या सालीसारखी. एकशेवीसची कॅसेट पुढे-मागे पळवताना मी तिच्याजवळून उठत नाही. फितीमागे तांब्याच्या पट्टीवर एक बारीक नमद्याचा तुकडा असतो, फीत हेडला दाबून धरायला. आपल्याकडच्या दमटपणात त्याचा गोंद सुटतो आणि आवाज दबल्यासारखा येतो. पुष्कळ लोक तेवढ्यावरून टेप खराब झाली म्हणून टाकून देतात. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडून तो तुकडा परत चिकटवता येतो. चिकटवलेली, स्क्रू नसलेली असेल तर फीत चाकांसकट दुसऱ्या, स्क्रूवाल्या डबीत हलवायची. ते मी तुला हातात घेऊन दाखवीन, सांगून येण्यासारखं नाही.

आणि हो, कडेच्या दोन छोट्या टिकल्या मोड. त्या असल्या तर चुकून लाल बटण दाबलं की जुनं पुसून नवं चढतं. एका घरात असं झालेलं मी पाहिलं आहे. आजीच्या ओव्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध दोन मिनिटं रेडिओवरच्या बाजारभावांची.

हेड पुसणं तर तुला येतंच. केमिस्टकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते कापसाच्या काडीवर घेऊन हेड, त्याच्या शेजारची लोखंडी दांडी आणि रबरी रोलर पूस. काडी तपकिरी निघेल. ती पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. अत्तर, स्पिरिट, रॉकेल काही वापरायचं नाही. रोलर चकाकत असला तर तोच कॅसेट खातो.

आता वायर. हे नीट ऐक, कारण बहुतेक सगळ्यांची गाडी इथेच अडते.

आवाज विजेच्या रूपात कुठून निघतो त्याप्रमाणे त्याचा जोर बदलतो. माईकमधून काही मिलिव्होल्ट येतात, नुसती कुजबूज. डेकच्या मागच्या लाइन आउटमधून पाव-तृतीयांश व्होल्ट येतो, म्हणजे समोर बसून बोलल्यासारखा. आणि अँप्लिफायरच्या स्पीकरच्या खुंट्यांवर कित्येक व्होल्ट असतात, म्हणजे जत्रेतला भोंगा. कॉम्प्युटरला मधला आवाज हवा. तरुणपणी मला हे कळत नव्हतं. कुडाळला एका ओळखीच्याच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मी अँप्लिफायरच्या स्पीकर-खुंट्यांना वायरी लावल्या आणि दुसरं टोक त्याच्या माईकच्या गुलाबी भोकात घातलं. क्षणभर आवाज आला, मग ते भोक मुकं झालं. ते दुरुस्त करायला मला दोन महिने पैसे साठवावे लागले. तेव्हापासून मी कुठल्याही यंत्राची पाठ आधी वाचतो. लाइन आउट, टेप आउट किंवा रेक आउट असं जिथे लिहिलेलं असेल तिथेच आपली वायर जाते. तिथला जोर आवाजाच्या बटणावर अवलंबून नसतो, त्यामुळे बटण फिरवलं तरी रेकॉर्डिंग बिघडत नाही.

आपल्या घरातल्या टू-इन-वनला लाइन आउट नाही. तिला फक्त कानाचं भोक आहे, इअरफोनचं. त्यातूनही काम होतं, पण तिथे आवाजाचं बटण मध्ये येतं. ते एक चतुर्थांशाच्या पुढे नेऊ नकोस. बास आणि ट्रेबलची बटणं मधोमध ठेव. आमची टेप मोनो आहे, त्यामुळे स्टिरिओ पिन घातलीस की एकाच बाजूचा आवाज येईल. घाबरू नकोस, टेप बिघडलेली नाही. पिनेचं मधलं कडं त्या भोकात जमिनीला टेकतं, म्हणून एक बाजू गप्प होते. कॉम्प्युटरात मोनो निवड, किंवा नंतर गप्प बाजू काढून टाक. काही जुन्या परदेशी डेकांना पाच काट्यांचं गोल भोक असतं. त्यात तीन आणि पाच नंबरच्या काट्यांवर वाजवण्याचा आवाज असतो, दोन नंबर जमीन. तशी वायर बाजारात मिळाली नाही तर डाग देऊन करता येते.

तुझ्या लॅपटॉपला कडेला एकच भोक आहे, ज्यात तू हेडफोन घालतेस. ते नीट बघ. मोबाईलच्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, तर साध्या स्टिरिओ पिनेवर दोन. दोन रेघांची वायर त्या भोकात घातलीस तर लॅपटॉपला वाटतं नुसता हेडफोन लागला. मग तू तासभर रेकॉर्ड करशील आणि तुझ्या हाती लॅपटॉपच्या पोटातल्या माईकने ऐकलेला पंखाच येईल. जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला मागे तीन रंगांची भोकं असायची. निळं लाइन इन, गुलाबी माईक, हिरवं बाहेरचा आवाज. निळं असेल तर देवाचे आभार मान. नसेल तर यूएसबीची छोटी डबी घे, जिला तांबडं आणि पांढरं अशी दोन आरसीए भोकं आत येणाऱ्या आवाजासाठी असतात. माझ्याकडची बेहरिंगरची यूसीए २०२ आहे, काडेपेटीपेक्षा मोठी. तांबडं उजवं, पांढरं डावं. दुकानात शेंगदाण्याएवढी स्वस्त डबी मिळते, तिला बहुधा फक्त माईकचं भोक असतं, तेही मोनो. ती आपल्या कामाची नाही.

तुला काकांच्या माडीवरच्या तबकड्याही घ्यायच्या आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. सुईतून काही मिलिव्होल्टच येतात, आणि तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर वाढवलेले असतात. ते उलटं करणारा फोनो प्रीअँप्लिफायर मध्ये लागतो. तो नसेल तर आवाज पत्र्यासारखा येईल. तबकड्या राहू देत, त्या अजून शंभर वर्षं टिकतील. कॅसेट टिकणार नाहीत.

वायर जोडलीस की पहिली भेट होईल गुणगुणीशी. टेपमध्ये काही वाजत नसतानाही एक जाड, सपाट 'ऊंऽऽ' येतो. ती आपल्या विजेची पन्नास कंपनं आहेत. टेप आणि लॅपटॉप वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला लागतात आणि त्या वाटांच्या वर्तुळात ती गुणगुण शिरते. कुणी सांगेल, चार्जरची तिसरी पिन मोड. ती कधीही मोडायची नाही, ती जीव वाचवते. चार्जर काढ आणि लॅपटॉप बॅटरीवर चालव. टू-इन-वन मोठ्या सेलवर चालव. दोघांनाही भिंतीशी नातं उरलं नाही की गुणगुण उरत नाही. यात आणखी एक लाभ आहे. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेली की इन्व्हर्टर सुरू होतो. स्वस्त इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, तिचा चरचराट थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. सेल मात्र नवे घाल. मोबाईल विमानाच्या मोडवर टाक आणि दुसऱ्या खोलीत ठेव. फोन येण्याआधी 'टर्र टर्र टर्र' असं वायरीत शिरतं ना, ते एकदा आख्यानात घुसलं की काढता येत नाही.

सेलचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. जत्रेत आम्ही रात्रभर सेलवर रेकॉर्डिंग करायचो. मध्यरात्रीनंतर सेल उतरायचे, मोटर मंदावायची, आणि फीत हळू सरकायची. आज तीच फीत नीट चालीने वाजवली की पहाटेचा राजा बारीक आवाजात, घाईघाईने बोलतो. ऐकणाऱ्याला वाटतं नट बदलला. नट तोच आहे, मोटर दमली होती. मग खरी चाल कशी शोधायची? दशावतारात पायपेटी असते, आणि पेटीची पट्टी हवेनुसार बदलत नाही. आपल्या पेटीवर तोच सूर धर आणि जुळवून बघ. एका पट्टीचा फरक म्हणजे चाल जवळजवळ सहा टक्क्यांनी चुकली. चित्रकथीत पेटी नसते, वीणा, टाळ, हुडूक असतात, आणि वीणा कुठेही लावली जाते. तिथे त्याच माणसाचं बोलणं दुसऱ्या टेपवर ऐकून अंदाज घ्यावा लागतो. हे सगळं नंतर, आणि नकलेवर. मूळ जसं आलं तसं आत घ्यायचं.

आता मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट. टेप वाजव आणि टाळाकडे कान दे. टाळ 'छन्' वाजायला हवा. 'थप्' वाजत असेल, जणू पांघरुणाखालून, तर टेप जुनी झाली असं लगेच ठरवू नकोस. हेड फितीला काटकोनात नाही. ज्या यंत्रावर ती रेकॉर्ड झाली त्याचं हेड जरासं तिरकं असेल, तर वाजवणाऱ्या हेडलाही तेवढंच तिरकं व्हावं लागतं. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू असतो. पुष्कळ टेपांत त्याच्यासाठी झाकणाला छोटं भोकही असतं. आधी पेनने स्क्रूच्या जागेची खूण कर. मग कानाला हेडफोन लाव, बारीक स्क्रूड्रायव्हर घाल आणि केसभर फिरव. इकडे, मग तिकडे. एका जागी धुकं फाटल्यासारखं होतं आणि टाळ समोर येऊन वाजतो. तिथे थांब. स्टिरिओ डेक असेल तर हे करताना मोनोत ऐक, चूक चटकन कळते. प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करायचं, कारण प्रत्येक घरातला टेपरेकॉर्डर वेगळा होता. काम संपलं की स्क्रू खुणेवर परत आण. माझ्या मते या एका स्क्रूने जेवढं आख्यान परत मिळतं तेवढं कॉम्प्युटरातल्या कुठल्याही बटणाने मिळत नाही.

कॉम्प्युटरात ऑडॅसिटी घे, ती फुकट आहे. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन आवाज आपोआप कमी-जास्त करणारं, गोंगाट गाळणारं जे जे असेल ते बंद कर. ते मीटिंगमध्ये बोलण्यासाठी बनवलेलं आहे. म्हणणारा थांबला की ते आवाज चढवतं आणि हुडूक वाजला की दाबतं. लॅपटॉप झोपणार नाही असं कर. नोंदीचा दर, म्हणजे सॅम्पल रेट, अठ्ठेचाळीस हजारांवर ठेव. जगातल्या ध्वनिसंग्रहांच्या संघटनेने, आयएएसएने, किमान अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ आणि चोवीस बिट सांगितले आहेत, आणि चोवीसची डबी मिळाली तर तीच घे. माझ्या डबीतून सोळाच येतात. घरगुती कॅसेटला ते पुरतात, कारण फितीचा स्वतःचा सुस्कारा त्याच्या कितीतरी वर असतो. डब्ल्यूएव्हीमध्ये ठेव, सोळा बिट स्टिरिओला तासाला साधारण सातशे एमबी जातील. एमपीथ्री नंतर, व्हॉट्सअॅपवर पाठवायला.

काटा किती चढू द्यायचा, यात मला माझी जुनी सवय मोडावी लागली. डेकवर आम्ही काटा तांबड्याला शिवू द्यायचो. फीत प्रेमळ असते, जास्त झालं तर आवाज जरा जाड होतो, तुटत नाही. कॉम्प्युटरला शून्याच्या वर काही ठाऊकच नाही. तिथे आवाज कोयत्याने कापल्यासारखा तुटतो आणि ते तुटलेलं परत जोडता येत नाही. म्हणून आधी टेपमधली सगळ्यात मोठी जागा शोध. दशावतारात राक्षसाची आरोळी, चित्रकथीत हुडूक आणि टाळ एकदम येतात ती जागा. तिथे काटा उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मधे राहील असं बटण लाव आणि मग त्याला हात लावू नकोस. टेप सुरू होण्याआधी रेकॉर्डिंग सुरू कर, संपल्यावर थोडं थांबून बंद कर.

आणि बाय, गाळणी लावू नकोस. निदान मूळ फायलीवर नाही. परवा मी एका मुलाने 'स्वच्छ' केलेलं आख्यान ऐकलं. सुस्कारा गेला होता, खरंच. पण चित्रकथी म्हणणारा एक चित्र दाखवून झालं की दुसरं समोर धरतो. त्या वेळी दोन क्षण तो गप्प असतो, आणि जाड कागदाचं पान उलटल्याचा आवाज येतो. हलका, 'फरऽक्' असा. टेपवर चित्र दिसत नाही. चित्र बदललं हे आपल्याला त्या आवाजानेच कळतं. स्वच्छ केलेल्या फायलीत ती जागा कोरी होती. म्हणणारा उगीच थांबतो असं वाटत होतं. एखाद्याला सगळी पानं मोजून ती आख्यानाशी जुळवायची असतील, तर त्याला तो आवाज लागेल.

फायलीला नाव देताना वर्ष आधी, मग गाव, आख्यान, बाजू. वर्ष ठाऊक नसेल तर कॅसेटवरच्या चिठ्ठीवर काय आहे ते जसंच्या तसं वहीत उतरव, आणि चिठ्ठीचा फोटो काढ. टेप वाजत असताना त्या घरातलं कुणीतरी शेजारी बसवून घे. कोण म्हणतंय, साथीला कोण, कुणाच्या खळ्यात, हे तेच सांगतील. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक मुंबईला काकांकडे. चाकरमान्यांच्या घरात पाऊस शिरत नाही. कॅसेट ज्या घरची त्या घरी एक प्रत आधी दे, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय यूट्यूबवर एक मिनिटही टाकू नकोस. ते आख्यान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या पोटापाण्याचं साधन आहे. आणि फायली झाल्या म्हणून कॅसेट फेकायची नाही. उद्या आपल्याहून चांगलं यंत्र कुणाकडे असेल.

तुझी ती कॅसेट अजून लावू नकोस. पहिल्या बाजूच्या सुरुवातीची फीत चाकापासून सुटत आलेली मला दिसली, ती आधी चिकटवू. सेल मी आज कुडाळच्या बाजारातून आणून ठेवतो. उद्या सकाळी लवकर ये, पाऊस कौलांवर आला तरी आता आपलं काही अडत नाही.